काळ्या पिशवीतलं घर

जिल आमच्या घरात आला तो कुबड्यांवर, आणि आल्या आल्या त्याने पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघरातली ट्यूब बंद केली. या उजेडात माणसं मेल्यासारखी दिसतात, असं तो म्हणाला. मी त्या ट्यूबखाली बसून पोहे खात होते. आई हसली. गेल्या दोन वर्षांत त्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच हसली होती, आणि ती मलाच हसली असं मी मनात घेतलं. तेव्हापासून आमच्याकडची जेवणं एका बुटक्या टेबललॅम्पच्या पिवळ्या उजेडात व्हायला लागली, आणि वाटीतली आमटी आहे की कढी हे मला वासावरून ओळखावं लागायचं.

मी पंधरा वर्षांची होते. बर्मिंगहॅमला किंग्ज हीथमध्ये, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत, आमचं एक अरुंद, उंच घर होतं. दारातून आत आलं की चपलांचं रॅक, मग अंधारा पॅसेज, मग जिना. मी सात वर्षांची असताना आम्ही पुण्याहून तिथे आलो. आई हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. बाबा आयटीत होते आणि दोन वर्षांपूर्वी वेगळे होऊन मिल्टन कीन्सला राहायला गेले होते. मधल्या काळात घरात आम्ही दोघीच होतो, आणि मला ते पुरेसं होतं. आईला ते पुरेसं नसेल हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आईचं तेव्हा जे वय होतं ते आज माझं आहे, म्हणून आता लिहिताना पेन थोडं अडखळतं.

जिल फ्रेंच होता, अठ्ठावन्न वर्षांचा, चित्रकार आणि नेपथ्यकार. एका ऑपेराचे पडदे रंगवून घ्यायला म्हणून तो बर्मिंगहॅमला आला, वर्कशॉपमध्ये शिडीवरून पडला आणि घोटा तीन ठिकाणी मोडून आईच्या वॉर्डात पोचला. आईने त्याला पुन्हा चालायला शिकवलं. 'आणि त्याने मला बघायला शिकवलं,' असं आई म्हणायची. ते वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नाही. पण त्यात काही खरं होतं. आईने पुण्यात कॉलेजात असताना एकांकिकांचे सेट ढकलले होते, पुठ्ठ्याचे खांब रंगवले होते, आणि मग लग्न, परीक्षा, व्हिसा यांत ते सगळं माळ्यावर गेलं होतं. हा माणूस आला आणि ती पुन्हा खिडकीतून पडणाऱ्या उन्हाबद्दल बोलायला लागली.

त्याला काय म्हणायचं हा प्रश्न मी कधीच सोडवला नाही. आई म्हणाली, काका म्हण. मी म्हटलं, तो माझा काका नाही. इंग्रजीत अहो-अरेची भानगड नसते, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. दीड वर्ष मी त्याला कसलीही हाक न मारता राहिले. तो मला 'मादमोआझेल', म्हणजे कुमारी, म्हणायचा, आणि त्यात आदर किती आणि टोचणी किती हे मला बरोबर कळायचं.

त्या घराचे आवाजच बदलले. सकाळी सहाला तो पेन्सिलींना सुरीने टोक काढायचा, खर्र खर्र, आणि ते मला वरच्या खोलीत उशीखालीसुद्धा ऐकू यायचं. मग खोकला. मग खरखरणारं फ्रेंच रेडिओ स्टेशन. कॉफी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही हा त्याचा नियम, आणि आईने तो मुकाट्याने पाळला. जिच्या तोंडाचा पट्टा पूर्वी अंघोळीच्या आधी सुरू व्हायचा, ती माझी आई खुणेने मला विचारायची, डबा घेतलास का. काही आवडलं नाही की जिल गाल फुगवून 'पफ्' असा आवाज काढायचा. वरणाला पफ्, शेजाऱ्यांच्या पडद्यांना पफ्, माझ्या शाळेच्या चित्रकलेच्या वहीला पफ्. ती वही आईने त्याला दाखवली होती, मला न विचारता. त्याने चार पानं उलटली आणि म्हणाला, हात स्वच्छ आहे, पण आत काही नाही. ती वही मी पुन्हा उघडली नाही.

आणि खाणं. आम्ही कडक शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही. त्याच फ्रिजमध्ये कागदात गुंडाळलेलं वास मारणारं चीज आलं, मग मासे आले. मी दूध प्यायचं सोडलं, कारण दुधाला त्या चीजचा वास लागतो असं माझं म्हणणं होतं. पण खरा स्फोट झाला तो कुकरवरून. जिल जुन्या पद्धतीने रंग बनवायचा. कोरडी पूड सरसात कालवायची, आणि सरस सशाच्या कातड्याचा. त्याचे पिवळे खडे भिजवून मंद आचेवर विरघळवायचे असतात. एक दिवस मी शाळेतून आले तर घरभर ओल्या जनावरासारखा वास, आणि गॅसवर आमचा डाळीचा कुकर, आजोळहून आलेला, त्यात तो चिकट पदार्थ रटरटत होता. संध्याकाळी आईने तो कुकर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "जाऊ दे, आपण नवीन आणू." माझी खात्री झाली की या माणसाने तिच्यावर काहीतरी केलंय.

त्याचं काम मी एकदाच पाहिलं, तेही आईने ओढत नेलं म्हणून. शहराबाहेरच्या एका गोदामात तो पडदा रंगवत होता. इंग्रज रंगारी कापड उभं ताणून, चौकटीला लावून रंगवतात. जिल ते जमिनीवर अंथरायचा आणि पायांत मोजे घालून त्याच्यावर चालत, बांबूला बांधलेल्या लांब कुंचल्याने, उभ्या उभ्या रंगवायचा, झाडू मारल्यासारखा. त्याच्यावरून तिथल्या लोकांशी त्याची रोज खडाखडी व्हायची. ते म्हणायचे, म्हातारा अख्खी फरशी अडवून बसतो. तो म्हणायचा, उभ्या कापडावर आकाश रंगवतात ते रंगवू देत, रंग ओघळतो आणि मग त्याला पाऊस म्हणतात. आकाश ही त्याची खासियत. त्याचा जन्म उत्तर फ्रान्समधल्या एका बंदराच्या गावातला, बाप गोदीत हमाल. चौदाव्या वर्षी तो पडदे रंगवणाऱ्या कारखान्यात बादल्या धुवायला लागला, आणि सतराव्या वर्षी त्याच्याकडे फक्त ढग देत, कारण ढग दुसऱ्या कुणाला जमत नसत. पुढे स्वतः नेपथ्य करायला लागला, दहा-बारा वर्षं मोठमोठ्या नाटकघरांत त्याचं नाव चाललं, दोन लग्नं झाली आणि मोडली. मग रंगवलेले पडदे जाऊन प्रोजेक्टर आले आणि त्याला बोलावणं कमी झालं. हे सगळं मला आईकडून कळलं. त्याने मला स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दर दुसऱ्या शनिवारी मी बाबांकडे जायचे. ते स्टेशनवर गाडी घेऊन यायचे, आणि मग गोल चौकामागून गोल चौक ओलांडताना समोर बघत विचारायचे, "मग, काय म्हणतोय तुमचा फ्रेंचमन?" मी त्याचीच वाट बघत असायचे. सरसाचा कुकर, मोज्यांतलं रंगकाम, पफ्, सगळं मी नक्कल करून दाखवायचे. बाबा हसून हसून स्टिअरिंगवर हात मारायचे. मग घरी गेल्यावर ते आमच्यासाठी पिठलं टाकायचे, जरा गुठळ्यांचं, आणि जेवताना गप्प होऊन जायचे. ते माझ्या गोष्टींना हसायचे आणि नंतर त्यांचं काय व्हायचं, हे मला दिसत होतं. तरी मी पुढच्या वेळेसाठी गोष्टी जमवत राहिले. नसल्या तर थोड्या वाढवूनही सांगितल्या.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात जिलला काम मिळालं. बर्मिंगहॅममधल्याच एका नाटकघराने एक नवं नाटक घेतलं होतं, एका कुटुंबाचं, आणि दिग्दर्शकाला रंगवलेलंच नेपथ्य हवं होतं. कितीतरी वर्षांनी त्याला असं पूर्ण नाटक मिळत होतं. आईने शिरा केला. त्यासाठी आधी मॉडेल करायचं होतं, रंगमंचाची पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती, पेटीसारखी, एका बाजूने उघडी. आणि ते करायला आमच्या घरात एकच मोठं टेबल होतं, मागच्या खोलीतलं, जिथे मी अभ्यास करायचे. माझं जीसीएसईचं, म्हणजे तिकडच्या दहावीचं वर्ष. माझी पुस्तकं वर पलंगावर गेली आणि टेबलावर पुठ्ठे, पाती, तारा आणि बारीक चिमटे आले.

"इट्स माय टेबल, आई," मी म्हटलं.

"पाच आठवड्यांचा प्रश्न आहे राणी. त्याच्यासाठी हे फार मोठं आहे."

"आणि माझ्यासाठी?"

आई इस्त्री करत राहिली.

त्याच दिवसांत कात्रीचं प्रकरण झालं. त्याची एक जुनी, टोकदार कात्री हरवली. त्याने आईसमोर मला विचारलं, कुठे ठेवलीस. मी घेतलीच नव्हती. तो ऐकेना, आवाज चढला, फ्रेंचमध्ये गेला, माझं दप्तर त्याने जमिनीवर उलटं केलं. पेन्सिली, लंचबॉक्स, सॅनिटरी पॅड्स, सगळं त्याच्या पायांशी पसरलं. दोन दिवसांनी कात्री त्याच्याच कोटाच्या अस्तरात सापडली. आईने त्याला माझी माफी मागायला लावली. त्याने मागितली, खिडकीकडे बघत. आई त्या रात्री माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि म्हणाली, यापुढे तो तुझ्याबद्दल काही बोलला तर मी आधी तुझं ऐकेन. मी ते जपून ठेवलं.

मॉडेलवर तो नेहमी एक पांढरी चादर टाकून ठेवायचा. पूर्ण होईपर्यंत बघायचं नाही, आईनेसुद्धा नाही. गुरुवारी दुपारी नाटकघरात ते दाखवायचं ठरलं होतं. बुधवारी मी शाळेतून आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. तो वर्कशॉपला गेला होता, आई ड्यूटीवर. मी दप्तरही न ठेवता मागच्या खोलीत गेले आणि चादर उचलली.

ते आमचं घर होतं. पॅसेज, चपलांचं रॅक, त्याच्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चपला. जिन्याचा कठडा, त्याची तिसरी काठी तुटलेली, आमची तुटली होती तश्शी. स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचे डबे, मिरीच्या दाण्याएवढे, आणि त्यांवर खिडकीचा उजेड पडल्याचं त्याने एका केसाएवढ्या रेघेने रंगवलेलं. रेडिएटरवर वाळत घातलेला आईचा निळा युनिफॉर्म. सिंकपाशी आई उभी होती, अंगठ्याएवढी, पाठमोरी, एका पायावर भार टाकून. दिवसभर उभं राहून आली की ती तशीच उभी राहते. मी ते हजारदा पाहिलं होतं आणि तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. टेबलापाशी खुर्चीत एक माणूस, काठी मांडीला टेकवलेली. आणि वर, जिना संपतो तिथे, जिथे माझी खोली असायला हवी होती, तिथे खोली नव्हती. भिंतही नव्हती. आकाश होतं, करडं, विस्कटलेलं, फार सुंदर. मी वाकून वाकून सगळीकडे शोधलं. त्या घरात मी कुठेच नव्हते.

मी चादर परत टाकली. तेवढ्यावर ते थांबलं असतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे. पण संध्याकाळी जेवताना आईने भाकरी वाढता वाढता, अगदी सहज, विषय काढला. मिल्टन कीन्सला सिक्स्थ फॉर्म, म्हणजे अकरावी-बारावीचं कॉलेज, चांगलं आहे म्हणे, बाबांचा फोन आला होता, तुला तिकडे जावंसं वाटतं का, विचार कर. तिचा डोळा चुकवून मी जिलकडे बघितलं. तो मान खाली घालून जेवत होता. माझ्यापुरतं सगळं जुळलं. त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याने ते करूनही ठेवलं होतं, पुठ्ठ्यात. पुढे कळलं की ती कल्पना पूर्णपणे बाबांची होती आणि जिलला तिचा पत्ताही नव्हता. त्या संध्याकाळी मी कुणालाच काही विचारलं नाही. मी ताट धुतलं आणि वर गेले.

गुरुवार कचऱ्याचा दिवस. तेव्हा काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या फुटपाथवर ठेवायच्या असत. आई पावणेसातला गेली. साडेसातला जिल कोपऱ्यावर पाव आणि पेपर आणायला जायचा, पायामुळे त्याला पंचवीस मिनिटं लागायची. मी दार लागल्याचा आवाज ऐकला आणि खाली आले. पेटी एका पिशवीत मावेना, म्हणून मी ती मधून मोडली. पुठ्ठा वाटतो त्यापेक्षा चिवट असतो, मला गुडघा लावावा लागला. दोन पिशव्या झाल्या. वरून बटाट्याच्या साली आणि चहाचा चोथा टाकला, गाठी मारल्या आणि नेऊन बाकीच्या पिशव्यांत ठेवल्या. चादर घडी करून टेबलावर ठेवली. मग बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. लॉरी माझ्या बसच्या आधी आली. एका माणसाने दोन्ही पिशव्या एका हातात उचलल्या, इतक्या त्या हलक्या होत्या. मला कसंकसं झालं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

दुपारी चारला घरी आले तेव्हा आई लवकर आलेली होती, कोट अंगात तसाच. जिल मागच्या खोलीत रिकाम्या टेबलासमोर बसला होता. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो ओरडला नाही.

"तिने नेलं," तो आईला म्हणाला. "आज कचऱ्याची गाडी होती. तिने कचऱ्यात टाकलं."

आईने माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "तू हात लावलास का त्याला?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही लावला. मी चादरसुद्धा उचलली नाही."

जिलला मराठी येत नव्हतं, पण 'नाही' एव्हाना कळत होतं. तो उठला, टेबलाला धरून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात विचारलं, "सिंकपाशी ती कुठल्या पायावर उभी होती?"

माझ्या तोंडून उत्तर जवळजवळ गेलंच. डावा. मी ओठ मिटून घेतले, आणि माझे डोळे भरून आले, खोटं पकडलं जाईल या भीतीने. आईला ते वेगळं दिसलं. तिला दप्तर उलटं करणारा माणूस दिसला आणि रडणारी मुलगी दिसली. ती आमच्या मध्ये उभी राहिली आणि त्याला मराठीतच म्हणाली, "बास. बास झालं आता." मग इंग्रजीत सांगितलं की त्याने रविवारपर्यंत दुसरी सोय बघावी.

ते दोन-तीन दिवस घरात भांडीसुद्धा वाजली नाहीत. तो गेला तेव्हा टॅक्सीत एक ट्रंक आणि कुंचल्यांचा बांबू होता, काचेतून बाहेर आलेला. आई वर बाथरूममध्ये नळ सोडून बसली होती. दारात मी एकटी. तो म्हणाला, "मादमोआझेल, तू काम स्वच्छ करतेस. एक तुकडा मागे ठेवला नाहीस. माझ्या वर्कशॉपमध्ये मी तुला ठेवलं असतं." मी दार लावून घेतलं.

मला हवं ते मिळालं होतं. स्वयंपाकघरातली ट्यूब लागली, टेबल परत आलं, दूध पुन्हा दुधासारखं लागायला लागलं. फक्त आई सकाळी बोलायची नाही. कॉफी होईपर्यंत नाही, आणि झाल्यावरही नाही. मी सिक्स्थ फॉर्मला मिल्टन कीन्सला गेले नाही, आईला सोडून कशी जाणार, असं सगळ्यांना सांगितलं. ते नाटक पुढच्या वर्षी दुसऱ्याच नेपथ्यात झालं, प्रोजेक्टरवर. पेपरात त्या नाटकाचा फोटो आला तेव्हा आईने तो बराच वेळ पाहिला आणि त्यावर भाजी निवडली. नंतर तिने कुणाला घरात आणलं नाही. मी युनिव्हर्सिटीत गेले, नोकरीला लागले, लग्न केलं. ती पिनरला मावशीच्या शेजारच्या रस्त्यावर राहायला गेली. ती एकटी का राहते असं कुणी विचारलं की ती म्हणायची, सवय झालीय. दर वेळी मी तिथे बसलेली असायचे.

पंधरा वर्षं अशी गेल्यावर मला एक ईमेल आली. रंगवलेल्या पडद्यांवर संशोधन करणाऱ्या एका मुलीची. जिलच्या कामातलं फारसं काही शिल्लक नव्हतं, पडदे पुन्हा रंगवले जातात, मॉडेल्स फेकली जातात. त्याने तिला आमची नावं दिली होती आणि सांगितलं होतं की शेवटचं आणि सगळ्यांत चांगलं मॉडेल बर्मिंगहॅममधल्या एका मराठी घरात हरवलं. तुमच्याकडे त्याचा एखादा फोटो असेल का? जिल आता समुद्रकाठी, हेस्टिंग्जला एका वृद्धाश्रमात होता. मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग पत्ता मागून घेतला आणि एका शनिवारी गाडी काढली.

तो खिडकीशी बसला होता, समुद्राकडे पाठ करून. वाळला होता. डोळ्यांचा मधला भाग गेला होता, फक्त कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे तो माझ्याशी बोलताना दाराकडे तोंड करून बसला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, आवाज तोच आहे. मी गाडीत पाठ केलेलं सगळं बोलायला सुरुवात केली, की मी लहान होते, की मला वाटलं, की त्याबद्दल मला. त्याने गाल फुगवले. पफ्.

"ते राहू दे," तो म्हणाला. "ते कसं होतं?"

"काय?"

"मॉडेल. पूर्ण झालेलं फक्त आपण दोघांनी पाहिलंय. मला आता आठवतं ते खरं की मी नंतर रचलेलं, कळत नाही. तू सांग."

मी सांगितलं. दारापासून सुरुवात केली. चपला, तुटलेली काठी, डबे, उजेडाची रेघ. तो मध्येच अडवायचा, चुकलीस, रेघ दुसऱ्या डब्यापासून होती. युनिफॉर्म कुठला निळा, ते विचारायचा. मी डाव्या पायाबद्दल सांगितलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली. मग मी विचारलं, कारण पंधरा वर्षं मला तेच विचारायचं होतं, की त्यात मी का नव्हते.

"कारण तू मला आवडत नव्हतीस," तो म्हणाला. "आणि वर मला आकाशाला जागा हवी होती."

मला त्यावर राग यायला हवा होता. उलट इतक्या वर्षांत माझ्याशी कुणीतरी सरळ बोललं असं वाटलं. मी विचारलं, तुम्ही ते पुन्हा का केलं नाही. नाटकघराने त्याला आठवडाभर मुदत दिली होती, हे त्या मुलीच्या ईमेलमध्ये होतं. तो म्हणाला, हात चालत होते, आठवडा पुरला असता. "पण घर समोर नव्हतं. मी बघून करतो. आठवून नाही." त्याने विचारलं, आईला सांगितलंस का. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग माझ्याकडे कशाला आलीस.

दुसऱ्या दिवशी पिनरला गेले. आई साबुदाणा परतत होती. मी ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं, पिशव्या, साली, गुडघा, 'नाही'. तिच्या हातातला झारा कढईत थांबला होता. खिचडी खाली लागल्याचा वास आला तेव्हा तिने गॅस बंद केला.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं."

"हो."

"मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला." मग तिने हात पुसले, चष्मा काढला, पुसून पुन्हा लावला. "पत्ता दे त्याचा."

पुढच्या शनिवारी मी तिला हेस्टिंग्जला नेलं. वाटेत मी रेडिओ लावला नाही. दाराशी पोचल्यावर मी सीटबेल्ट काढायला लागले तर ती म्हणाली, तू इथेच बस. मी पार्किंगमध्ये दोन तास बसून राहिले. आत काय बोलणं झालं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. ती बाहेर आली, गाडीत बसली, पर्स मांडीवर घेतली. डोळे रडून लाल झाले होते की वाऱ्याने, मला ठरवता आलं नाही. आम्ही मोटरवेला लागलो.

"पुढच्या शनिवारी मी ट्रेनने जाईन," आई म्हणाली. "तू नको येऊस."